जुन्या स्पोर्ट्स कारचे थकलेले सस्पेन्शन : कमी खर्चातील दुरुस्ती आणि सुधारणेचा क्रम

जपानच्या मज्दा कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील वाहन प्रदर्शनात एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार सादर केली. अमेरिकेत ती मियाटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर आणि युरोपात एमएक्स-५ या नावाने विकली गेली. एप्रिल २०१६ मध्ये तिच्या सर्व पिढ्यांचे एकत्रित उत्पादन दहा लाखांवर पोहोचले. दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये सर्वाधिक खपाचा गिनेस विक्रमही तिच्याच नावावर आहे. १९८९ ते १९९७ या काळातील पहिली पिढी ‘एनए’ आणि १९९८ ते २००५ या काळातील दुसरी पिढी ‘एनबी’ या सांकेतिक अक्षरांनी ओळखली जाते. या दोन्ही पिढ्यांतील गाड्या आता वीस वर्षांहून अधिक जुन्या झाल्या आहेत. या वयात इंजिन बहुधा साथ देते. थकते ते सस्पेन्शन.

या गाडीची कीर्ती वेगामुळे झालेली नाही. पहिल्या अमेरिकी आवृत्तीतील १.६ लिटरचे इंजिन ११६ अश्वशक्तीचे होते. तेवढी ताकद आज साध्या कौटुंबिक गाडीतही असते. वजन मात्र एका टनाच्या आसपास, इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवलेले, पुढच्या व मागच्या चाकांवरील भार जवळपास समसमान आणि चारही चाकांना ‘डबल विशबोन’ पद्धतीचे सस्पेन्शन, ही तिची खरी पुंजी. प्रत्येक चाक वर-खाली बसवलेल्या दोन आडव्या हातांनी धरून ठेवण्याची ही रचना खर्चिक असते. म्हणूनच बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांना ती न देता मॅकफर्सन स्ट्रट ही स्वस्त पद्धत वापरली जाते. घोडा आणि स्वार एकरूप होणे, अर्थात ‘जिनबा इत्ताई’, या जपानी शब्दांत कंपनी या गाडीचे सूत्र सांगते. भारतात मज्दा हे नाव मुख्यतः स्वराज मज्दाच्या मालवाहू गाड्यांमुळे परिचित असल्याने अनेकांना या सूत्राचे आश्चर्य वाटेल. सस्पेन्शन झिजलेल्या एमएक्स-५ मध्ये मात्र घोडा एकीकडे आणि स्वार दुसरीकडे अशी अवस्था होते. ती सुधारण्यासाठी बाजारात शेकडो सुटे भाग उपलब्ध आहेत. त्यांतील बरेचसे गाडी अधिक बिघडवतात.

काय झिजते आणि काय नाही

‘स्प्रिंगा नरम पडल्या’ ही जुन्या गाडीविषयी सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार. तांत्रिकदृष्ट्या ती बहुधा चुकीची असते. पोलादी स्प्रिंगचा कडकपणा धातूचा गुणधर्म, तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो. तो वयाने घटत नाही. वर्षानुवर्षांच्या भाराने स्प्रिंग थोडी बसते, म्हणजे तिची मोकळी उंची कमी होते, आणि गंजामुळे एखादे वेटोळे तुटू शकते. स्प्रिंग तुटलेली नसेल आणि गाडी एका बाजूला कललेली नसेल, तर स्प्रिंगवर लगेच खर्च करण्याचे कारण नसते.

खरोखर मरतो तो डॅम्पर. गॅरेजच्या भाषेत शॉकअप. त्याचे काम भार पेलण्याचे नाही. दबलेली स्प्रिंग मोकळी झाली की पुन्हा पुन्हा उसळत राहते. बारीक झडपांतून तेल ढकलून त्या उसळीचे उष्णतेत रूपांतर करणे हे डॅम्परचे काम. सील झिजते, वायूचा दाब उतरतो, तेल पातळ होते. हा ऱ्हास इतका संथ असतो की रोज गाडी चालवणाऱ्याला तो जाणवत नाही. ब्रेक दाबताच नाक खाली जाणे, वळणात खडबडीत रस्ता लागताच मागचे चाक बाजूला सरकणे, टायरवर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे पडणे ही त्याची लक्षणे आहेत. चाक रस्त्यावरून क्षणभर जरी उचलले गेले, तरी तेवढा वेळ ब्रेकही नसतो आणि स्टिअरिंगही नसते. त्यामुळे थकलेला डॅम्पर हा आरामापेक्षा सुरक्षिततेचा विषय ठरतो.

गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडण्याची घरगुती चाचणी सर्वांना माहीत आहे. पूर्णपणे निकामी झालेला डॅम्परच या चाचणीत सापडतो; निम्मी ताकद गमावलेला डॅम्पर सहज उत्तीर्ण होतो. त्यापेक्षा दांड्यावरील तेलाचा ओघळ, टायरचा पृष्ठभाग आणि ‘बंप स्टॉप’ची अवस्था अधिक बोलकी असते.

बंप स्टॉप म्हणजे डॅम्परच्या दांड्यावर चढवलेला फेसाळ पॉलियुरेथेनचा छोटा ठोकळा. चाक फार वर गेले की लोखंडावर लोखंड आदळू नये, म्हणून तो असतो. वीस वर्षांनंतर तो बहुधा हाताच्या चिमटीत चुरा होतो. अनेक गाड्यांत संरक्षक नळीत त्याचा भुगाच तेवढा उरलेला असतो. एमएक्स-५ मध्ये हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. या गाडीत चाकाला वर जाण्याची मुभा मुळातच कमी असल्याने साध्या रस्त्यावरही बंप स्टॉपला वारंवार काम करावे लागते. तो दुसरी, हळूहळू कडक होत जाणारी स्प्रिंगच असतो. चार नवे बंप स्टॉप ही या संपूर्ण यादीतील बहुधा सर्वात स्वस्त वस्तू, आणि तीच सर्वाधिक दुर्लक्षित.

याशिवाय हातांच्या सांध्यांतील रबरी बुश, बॉल जॉइंट आणि अँटी-रोल बारच्या लिंक झिजतात. बुश कडक होऊन चिरतात. परिणामी चाकाची दिशा चालकाने नव्हे, तर रस्त्याने ठरवायला सुरुवात होते.

गाडी खाली बसवण्याचा मोह

सुधारणेचा विचार करणाऱ्या मालकाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ती चाकांवर झुकलेली, जमिनीलगत बसलेली गाडी. त्यासाठी आखूड स्प्रिंगा घेतल्या जातात किंवा उंची बदलता येणारे स्वस्त ‘कॉइलओव्हर’ संच मागवले जातात. कमी पैशांत सर्वाधिक नुकसान नेमके येथे होते आणि त्यामागचे गणित साधे आहे.

समजा, स्थिर उभ्या गाडीत चाकाला बंप स्टॉपला टेकेपर्यंत ६० मिलिमीटर वर जाण्याची मुभा आहे. गाडी ३० मिलिमीटरने खाली बसवली की ही मुभा निम्मी होते. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून रस्त्याचा तोच दणका निम्म्या अंतरात जिरवायचा, तर स्प्रिंग चौपट कडक हवी. रस्त्यावरील वापरासाठी विकल्या जाणाऱ्या आखूड स्प्रिंगा तितक्या कडक नसतात, आणि असत्या तर गाडीत बसवले नसते. त्यामुळे अशी गाडी जवळपास सतत बंप स्टॉपवर टेकून चालते. वळणात शरीर कलले की बाहेरच्या चाकाचा ठोकळा पूर्ण दबतो, त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि पकड सूचना न देता सुटते. चालकाला वाटते, गाडी ‘कडक’ झाली, म्हणजे चांगली झाली.

दुसरा हिशेब डॅम्परचा. स्प्रिंग कडक केली की डॅम्परची ताकद तिच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवावी लागते. स्प्रिंग ४४ टक्क्यांनी कडक केल्यास डॅम्पर सुमारे २० टक्क्यांनी अधिक जोरकस हवा. थकलेल्या मूळ डॅम्परवर नव्या आखूड स्प्रिंगा बसवणे म्हणजे आधीच दमलेल्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक पोते ठेवणे होय.

अतिस्वस्त कॉइलओव्हर संचांत आकर्षण असते ते बटणांचे. डॅम्परची ताकद तीस-बत्तीस टप्प्यांत बदलता येते, असा दावा केला जातो. प्रत्यक्षात चांगल्या डॅम्परची किंमत त्याच्या आतील झडपांची असते, बाहेरच्या बटणाची नव्हे. आटे पाडलेली बाहेरची नळी खारट हवेत आणि चिखलात जाम होते, आणि मग उंची बदलण्याची सोयही नावापुरतीच उरते.

एनबीचे माउंट, एनएला आधार

कमी खर्चातील सुधारणेचे सर्वात समर्पक उदाहरण मज्दानेच नकळत उपलब्ध करून दिले. दुसऱ्या पिढीसाठी कंपनीने डॅम्परच्या माथ्यावरील माउंटची रचना बदलली. नव्या माउंटमध्ये बंप स्टॉपला वर सामावून घेणारी जागा आहे. त्यामुळे गाडीची उंची न बदलताही चाकाला वर जायला अधिक वाव मिळतो. हे माउंट पहिल्या पिढीच्या गाडीत, शरीरात कोणताही फेरबदल न करता, बसतात. वाढीव वाव मिलिमीटरमध्येच मोजण्यासारखा असला, तरी ज्या गाडीत मुळात तोच तुटपुंजा आहे, तिथे त्याचे मोल स्प्रिंगांच्या कोणत्याही संचापेक्षा अधिक ठरते. मात्र स्प्रिंगची वरची रबरी बैठक, वॉशर आणि डॅम्परच्या दांड्याची लांबी एकमेकांशी जुळते की नाही, हे जोडणीपूर्वी पाहावे लागते. वेगवेगळ्या पिढ्यांचे भाग अर्धवट मिसळल्यास खडखडाट ठरलेलाच.

डॅम्परच्या निवडीत तीन पायऱ्या दिसतात. मूळ दर्जाचे बदली डॅम्पर, उदाहरणार्थ केवायबीसारख्या जपानी उत्पादकाचे, सर्वात स्वस्त; परदेशात चार नगांचा संच काही शे डॉलरांत मिळतो. ज्याला गाडी नवी होती तशी हवी आहे, त्याचे समाधान येथेच होते, आणि असे मालक संख्येने वाटतात त्यापेक्षा अधिक आहेत. बिल्स्टीन किंवा कोनी या नामांकित कंपन्यांच्या संचाला साधारण दुप्पट वा त्याहून अधिक पैसे मोजावे लागतात. बिल्स्टीनची एकनळी रचना तेल तापल्यावरही दम टिकवते. कोनीच्या स्पोर्ट मालिकेत स्प्रिंग परत उसळतानाचा रोध कमी-जास्त करता येतो, त्यामुळे पुढे थोड्या कडक स्प्रिंगा घ्यायच्या असतील तर त्यांना ते सांभाळून घेतात. त्यावरची पायरी शर्यतीच्या मैदानाची आहे. तिचा खर्च अनेकदा जुन्या गाडीच्या किमतीलाच गाठतो.

या पायऱ्यांच्या मध्ये एक पायवाट आहे. मज्दाने काही आवृत्त्यांत बिल्स्टीन डॅम्पर कारखान्यातूनच बसवले होते; १९९४ मध्ये अमेरिकेत आलेले ‘आर पॅकेज’ हे त्याचे उदाहरण. एनबीच्या काही आवृत्त्यांतही ते होते. महागडे संच बसवणारे मालक हे मूळ भाग काढून विकतात आणि कमी चाललेला संच मिळाला, तर पहिल्या पिढीच्या गाडीला एनबीच्या माउंटसह तो लावता येतो. जुना डॅम्पर घेताना दांड्यावर गंजाचे खड्डे किंवा तेलाचा ओलावा नसावा. हाताने पूर्ण दाबल्यावर तो एकसारखा रोध दाखवत आत जावा, मध्येच पोकळ जागा लागू नये आणि वायूभारित डॅम्पर सोडल्यावर स्वतःहून बाहेर यावा. विक्रेता हे करून दाखवायला तयार नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तो सौदा महाग पडतो.

जोडणी करताना दबलेल्या स्प्रिंगचे भय बाळगलेच पाहिजे. योग्य कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट सैल केल्यास ती जीव घेऊ शकते. अवजारे नसतील, तर संपूर्ण जोडणी गाडीतून काढून केवळ स्प्रिंग बदलण्यापुरती गॅरेजमध्ये नेणे हा स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग आहे.

बुश बदलण्यास वेळ लागतो, पैसे तितके नाहीत. मूळ रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घेण्याची प्रथा आहे. ते टिकतात, हाताला धक्के अधिक स्पष्ट कळवतात, परंतु वंगण नीट न घातल्यास कुरकुरतात. रस्त्यावरील गाडीला रबर पुरेसे असते. रबरी बुश बसवताना एक नियम अनेक गॅरेजमध्ये मोडला जातो: बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे. गाडी जॅकवर टांगलेली असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. दोष मग रबराला दिला जातो.

अँटी-रोल बार जाड करणे हा कलणे कमी करण्याचा तुलनेने स्वस्त उपाय आहे. दोन्ही चाके एकदम उचलणाऱ्या उंचवट्यावर त्याचा त्रास होत नाही. एकाच चाकाला खड्डा लागला, तर मात्र धक्का दुसऱ्या बाजूला पोहोचतो. पुढचा बार जाड करून मागचा मूळ ठेवणे बहुतांश मालकांना मानवते. मागचा फार कडक केल्यास वळणात आतले मागचे चाक हलके होते आणि साधा डिफरेन्शियल असलेल्या गाडीत ते नुसते गरगरते.

सर्वात स्वस्त सुधारणा : चाकांचे कोन

मज्दाच्या अभियंत्यांनी या गाडीला दिलेली एक मौल्यवान सोय म्हणजे चारही चाकांचे कोन बदलता येण्याची व्यवस्था. खालच्या हातांच्या बोल्टवर विकेंद्री चकत्या आहेत. त्या फिरवून पुढे कॅम्बर व कॅस्टर, तर मागे कॅम्बर व टो जुळवता येतात. साध्या गाड्यांत बहुधा केवळ पुढचा टो बदलता येतो. कॅम्बर पुढे उणे एक अंशाच्या आसपास, मागे किंचित अधिक, कॅस्टर शक्य तितका पण दोन्ही बाजूंना समान आणि मागे अल्पसा आत वळलेला टो, एवढ्यावरही थकल्यासारखी वाटणारी गाडी वळणात सावरते. हे काम चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतका भार ठेवून करून घ्यावे. हजार किलोच्या गाडीत एका माणसाचे वजन कोन बदलवण्याइतके असते.

अडचण गंजाची. हे बोल्ट वीस-पंचवीस वर्षे हललेले नसतील, तर बुशच्या आतील नळीत घट्ट जाम होतात आणि कापून काढावे लागतात. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी हे बोल्ट फिरतात का, हे पाहणे हा पहिला खर्चविषयक निर्णय ठरतो. फिरत नसतील, तर निम्मे अंदाजपत्रक तिथेच संपते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात हे सर्रास घडते. तिथे पहिल्या पिढीच्या दारांखालच्या पट्ट्या आणि दुसऱ्या पिढीच्या पुढच्या चॅसिसचे दांडे आतून सडतात. अशा गाडीला उत्तम डॅम्पर लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला नवी कडी ठोकणे. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत सस्पेन्शनचे सांधे, डॅम्परची गळती आणि त्यांच्या आधारांभोवतीचा गंज हे सर्व पाहिले जाते.

टायरचाही येथेच उल्लेख व्हायला हवा. पहिल्या पिढीचा मूळ आकार १८५/६० आर १४ हा होता. उन्हाने कडक झालेल्या जुन्या टायरवर कोणत्याही सस्पेन्शनचा निवाडा करता येत नाही. टायरच्या कडेवरील चार अंकांतून निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कळते. नक्षी शिल्लक असूनही टायर दहा वर्षांचा असेल, तर डॅम्परच्या आधी तो बदलावा.

भारतातील चित्र

मज्दा भारतात प्रवासी गाड्या विकत नाही. वापरलेल्या गाड्यांच्या आयातीसाठी निर्मितीपासून तीन वर्षांची मर्यादा आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची अट असल्याने जुनी एमएक्स-५ भारतीय रस्त्यांवर येण्याची वाट जवळपास बंदच आहे. ब्रिटन, अमेरिका वा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या भारतीयांच्या दारात ती अधिक सहज येऊ शकते. तथापि डॅम्पर, बुश आणि बोल्ट यांचे हे गणित भारतातील कोणत्याही जुन्या गाडीला लागू पडते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील खारी हवा बोल्टांचे जे करते, ते ब्रिटनच्या मिठापेक्षा फार वेगळे नाही.

कायद्याची चौकट मात्र वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. झिजलेल्या डॅम्पर वा बुशच्या जागी मूळ दर्जाचा भाग बसवणे ही देखभाल आहे. गाडीची ठेवण बदलणारे संच बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे आवश्यक ठरते. जर्मनीत बाजारातील स्प्रिंग संच तांत्रिक मान्यतेच्या कागदांसह घ्यावे लागतात, आणि असा कागद नसलेली स्वस्त वस्तू तपासणीत अडकते.

मज्दाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी जीर्णोद्धार सेवा जाहीर केली आणि बंद पडलेले काही भाग पुन्हा बनवायला घेतले. त्यांत कापडी टप, नार्दीचे लाकडी स्टिअरिंग आणि मूळ नमुन्याबरहुकूम ब्रिजस्टोनचे टायर होते. ज्यांना एवढा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी क्रम असा राहतो: आधी गंज आणि बोल्ट, मग टायर, त्यानंतर बंप स्टॉप व माउंटसह डॅम्पर, पुढे बुश आणि शेवटी कोनांची जुळणी. नव्या रबरावर गाडी काहीशे किलोमीटर धावली की ती थोडी खाली बसते. त्यामुळे कोन आणि बोल्टांची घट्टाई त्यानंतर पुन्हा एकदा तपासून घ्यावी लागते, आणि गॅरेजशी व्यवहार ठरवताना या दुसऱ्या फेरीचे पैसे आधीच बोलून ठेवणे इष्ट असते.